गंधर्व की केशवराव? शंभर वर्षांपूर्वीच्या एका रसिक-युद्धाची साक्ष

१/
बीटल्स श्रेष्ठ की रोलिंग स्टोन्स? रॉजर वॉटर्स गेल्यानंतरच्या पिंक फ्लॉइडला पिंक फ्लॉइड म्हणावे काय? अमुक अल्बम अस्सल आणि तमुक बाजारू, हे ठरवायचे कोणी? अशा प्रश्नांवरून रात्र जागवणाऱ्यांना वाटते की हे वेड आपल्याच पिढीचे. मराठी मुलखात मात्र शंभर वर्षांपूर्वी याच तोडीचा एक वाद पेटला होता. रॉकचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. वाद होता दोन नटांच्या गळ्यांचा : बालगंधर्व की केशवराव भोसले? आजचा धागा त्या वादावर, आणि रसिकांच्या हट्टी मतांकडे इतिहासाने कसे पाहावे यावर.

२/
आरंभ धाराशिव जिल्ह्यापासून करू. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालणाऱ्या गोंधळ्यांत दोन मोठे भेद आहेत. कदमराई हे तुळजाभवानीचे, तर रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक. संबळ, तुणतुणे, झांज आणि पेटती दिवटी ही सामग्री दोहोंकडे आहे. परंतु घरातील मंगलकार्यानंतर कोणत्या देवीच्या नावे गोंधळ घालायचा, हे ऐकणाऱ्याच्या आवडीवर ठरत नाही. ते कुलदैवतावर ठरते. येथे श्रोत्याची बाजू जन्मतःच ठरलेली असते. कोणाचा गोंधळ अधिक रंगला यावर लोक बोलतात, पण त्यावरून कुलाचार कोणी बदलत नाही.

३/
ही गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढच्या वादाचे नवेपण कळते. 'माझा गायक' ही भाषा जन्माने मिळत नाही. गायकांत निवड करण्याची मुभा असेल, तिकीट काढून आत जाता येत असेल आणि दोघांना ताडून पाहता येत असेल, तरच ती संभवते. मराठीत अशी परिस्थिती प्रथम मोठ्या प्रमाणावर निर्माण केली ती संगीत नाटकाने. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि पुढील चाळीस वर्षांत गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांनी एक नवा माणूस घडवला : पैसे मोजून गाणे ऐकणारा आणि म्हणूनच मत देण्याचा हक्क सांगणारा रसिक.

४/
या रसिकाच्या हाती एक अस्त्र होते : 'वन्स मोअर'. आवडलेले पद तो पुन्हा गायला लावी, तिसऱ्यांदा लावी. कथानक तेथेच थांबे, प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबे, आणि नट तेच पद नव्या आलापांनी, नव्या हरकतींनी गाई. म्हणजे रसिकाचे मत प्रयोगाबाहेरच्या चर्चेपुरते नव्हते; ते प्रयोगाचा आकारच बदलत असे. पद किती वेळ चालावे, नट कोठे थांबावा, हे नाटककाराइतकेच प्रेक्षकही ठरवत होते. आजच्या कोणत्याही चाहत्याला हेवा वाटावा अशी ही सत्ता होती.

५/
या रंगभूमीवर १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत एक सतरा वर्षांचा मुलगा दाखल झाला : नारायण श्रीपाद राजहंस. लोकमान्य टिळकांनी दिलेले 'बालगंधर्व' हे नाव पुढे त्याचे खरे नावच झाले. १२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान'मध्ये त्याने भामिनी रंगवली. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती. प्रयोग मात्र थांबला नाही. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे सुस्थित घरांतील स्त्रिया नेसणे, केशरचना, दागिने यांत या पुरुष नटाचे अनुकरण करू लागल्या.

६/
दुसरा गळा कोल्हापूरचा. केशवराव भोसले ९ ऑगस्ट १८९० रोजी जन्मले. स्वदेशहितचिंतक मंडळीत बालनट म्हणून राबताना देवलांच्या 'शारदा'मधील नायिकेच्या भूमिकेने ते गाजले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी उभारली, तेव्हा त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना मिळाली. आधी स्त्रीभूमिका आणि पुढे पुरुषभूमिका अशी त्यांची वाटचाल झाली. रसिकांनी त्यांना 'संगीतसूर्य' म्हटले. एकीकडे गंधर्व आणि दुसरीकडे सूर्य : बिरुदांतच दोन पक्ष दिसतात.

७/
भेद खरोखर गायकीचा होता. बालगंधर्वांचे गाणे मधुर, लयीला लगटून जाणारे, शब्दाचा भाव सांभाळत उलगडणारे. भास्करबुवा बखल्यांच्या तालमीचे संस्कार त्यावर होते. केशवरावांचे गाणे पल्लेदार, तारसप्तकात निर्भयपणे जाणारे, वेगवान तानेने सभागृह हलवणारे. एका पक्षाला दुसऱ्याचा गळा 'बायकी' वाटे, तर त्या पक्षाला पहिल्याचा आवेश 'कसरत' वाटे. माधुर्य मोठे की पल्ला, भाव मोठा की तयारी : गिटारवादकांच्या चाहत्यांत आजही नेमका हाच वाद चालतो. मधली शंभर वर्षे गेली, वाद्ये बदलली, मुद्दा तोच राहिला.

८/
येथे एका सोप्या स्पष्टीकरणाचा मोह होतो. त्या काळी कोल्हापुरात ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती. एक नट ब्राह्मण, दुसरा मराठा. तेव्हा हा वाद मुळात जातीचा होता, असे म्हणून मोकळे होता येते. जातीचा रंग मतांना लागलाच नसेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु शाहू महाराजांचा लोभ दोघांवर होता. केशवरावांना त्यांनी आश्रय दिला, आणि बालगंधर्वांच्या कानाचे दुखणे बरे व्हावे म्हणून मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचारांची सोयही त्यांनीच करविली. एकच राजा दोन्ही गळ्यांचा चाहता होता. रसिकाचे मत एकाच कारणाच्या खुंटीला टांगता येत नाही, हा पहिला धडा.

९/
मग आले १९२१. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ काँग्रेसने टिळक स्वराज्य फंड उभारला आणि एक कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले. या फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी एकत्र येऊन एकच नाटक करावे, अशी कल्पना निघाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात 'संयुक्त मानापमान' झाले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. वर्षानुवर्षे वेगवेगळ्या तंबूंत बसून भांडणारे दोन पक्ष एका छताखाली, एका पडद्यासमोर बसले.

१०/
नाटकाची निवडही अर्थपूर्ण ठरली. श्रीमंतीच्या गर्वाने भामिनी गरीब पण शूर सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे त्याच्याच गुणांपुढे नमते : मान आणि अपमान यांचाच हा खेळ. त्या रात्री तो रंगमंचावर चालू असताना प्रेक्षागृहातही दुसरा मानापमान रंगलेला होता. आपल्या नटाला एक टाळी कमी पडली तर? त्याच महिन्यात 'संयुक्त सौभद्र'ही झाले. परंतु कोण वरचढ ठरला, याचा सर्वमान्य निकाल कधीच लागला नाही. दोन्ही पक्ष आपापला विजय घेऊन घरी गेले. रसिकांची ईर्षा स्वराज्याच्या कामी लागली, एवढे मात्र निश्चित.

११/
आणि वाद रंगात असतानाच एक बाजू कायमची शांत झाली. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने वारले. वय अवघे एकतीस. 'संयुक्त मानापमान'ला तेव्हा ८८ दिवस झाले होते. बालगंधर्व त्यानंतर सुमारे ४६ वर्षे जगले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. आज या दोघांची तुलना करणाऱ्याने आधी ही दोन अंकांतील तफावत डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे : एकाला मृत्यूनंतर उरलेली कीर्ती, दुसऱ्याला जवळजवळ अर्ध्या शतकाचे आणखी आयुष्य. पण तफावत केवळ वर्षांची नाही. ती यंत्राचीही आहे.

१२/
भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये, फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला तेव्हा. आरंभीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला तयार होत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राही आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरी. मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. हळुवार स्वर, खर्ज, श्वासाचे बारकावे, तंबोऱ्याची गुंज यांतले बरेचसे त्या रेघेपर्यंत पोहोचतच नसे. शिवाय तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. 'वन्स मोअर'ने पाऊण घटका फुलणारे पद तीन मिनिटांत कोंबावे लागे.

१३/
१९२५ मध्ये पाश्चात्त्य देशांत विजेच्या साह्याने, मायक्रोफोन वापरून ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि त्याच दशकात ते भारतातही आले. केशवराव त्याआधीच गेले होते. म्हणून त्यांचा जो काही आवाज उरला तो कर्ण्याच्या काळातला : दूरचा, चिरका, खरखरीत. बालगंधर्वांना मात्र पुढील कित्येक वर्षे मायक्रोफोनसमोर गाण्याची संधी लाभली. तबकड्या, चित्रपट ('धर्मात्मा', १९३५), मग नभोवाणी. आज कोणी 'ऐकून सांगतो, गंधर्वच श्रेष्ठ' असे म्हटले, तर त्या मताचा निम्मा भाग गळ्याविषयी असतो आणि निम्मा ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाविषयी.

१४/
गंमत अशी की विजेत्यालाही यंत्राने पुरता न्याय दिलेला नाही. १९११ ची भामिनी रंगवणारे बालगंधर्व बावीस वर्षांचे होते. मायक्रोफोन आला तेव्हा चाळिशीकडे झुकलेले. त्यांची जी उत्तरकालीन गाणी आज सहज ऐकू येतात ती थकत चाललेल्या गळ्याची आहेत. तेव्हा १९११ चा प्रेक्षक ज्यासाठी वेडा झाला ते नेमके आपल्या कानांवर कधीच पडणार नाही. ते कळण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे त्या प्रेक्षकांची हट्टी, पक्षपाती, अतिशयोक्त मते. ज्या मतांना आपण पुरावा मानायला कचरतो, तीच येथे मोठी साक्ष आहेत.

१५/
आता पुन्हा धाराशिवकडे. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. शेजारचे बार्शी आणि सोलापूर मात्र ब्रिटिश मुलखात. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागलेली बार्शी लाइट रेल्वे १९११ पर्यंत येडशीच्या बाजूने लातूरला पोहोचली. बार्शीची बाजारपेठ जवळ होती, तरी मधली सीमा साधी नव्हती : पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली शिक्का, आणि येणाऱ्या मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके. मोठ्या मंडळीचा प्रयोग पाहायचा तर अंतर, खर्च आणि सीमा तिन्ही ओलांडाव्या लागत.

१६/
अशा मुलखाला तबकडी सोयीची होती. किल्ली देऊन चालणाऱ्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. एका घरच्या यंत्राभोवती साऱ्या आळीला बसता येई. येथे दोन प्रकारचे रसिक वेगळे ओळखले पाहिजेत. मुंबई-पुण्याच्या रसिकाने नट पाहिला होता : शालू, मुद्रा, चालणे, वन्स मोअर. सीमेपलीकडच्या श्रोत्यासमोर केवळ तीन मिनिटांचा आवाज होता, देहावाचूनचा. दोघेही 'गंधर्व' म्हणत, पण त्यांच्या मनातले गंधर्व एक नव्हते. पहिल्याचे मत एका रात्रीच्या अनुभवाचे, दुसऱ्याचे एकच तबकडी शंभरदा ऐकण्याचे. अल्बम झिजेपर्यंत ऐकणारा आजचा चाहता या दुसऱ्या रसिकाचाच वारस आहे.

१७/
तबकडीतून केवळ श्रोतेच घडले नाहीत. गोहरबाई कर्नाटकी यांनी बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी आत्मसात केली होती, असे सांगितले जाते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या गंधर्व मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया तोवर मराठी रंगभूमीवर आल्या होत्या. तरीही अनेक गंधर्वभक्तांना गोहरबाई सहन झाल्या नाहीत. मंडळीच्या आणि नटाच्या उतरत्या दिवसांचे सारे खापर त्यांच्या माथी फोडले गेले. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला होता, कर्जाचा बोजा जुना होता. पण दोष द्यायला माणूस हवा होता.

१८/
या प्रसंगी रसिकांच्या मताचा काळा भाग उघडा पडतो. पुरुषाने साकारलेली स्त्री ज्यांना आदर्श वाटली, त्यांना त्याच रंगमंचावर खरी स्त्री, तीही मुसलमान आणि कन्नड भाषिक, खटकली. त्यांच्या टीकेत 'गाणे', 'अभिरुची', 'परंपरा' हे शब्द येतात. परंतु प्रश्न केवळ गाण्याचा नव्हता हे आज वाचताना लपत नाही. ज्या कर्तृत्वाचे कौतुक व्हायला हवे होते, म्हणजे दूरवर बसून यंत्रातून एक अवघड गायकी शिकणे, ते या गदारोळात झाकले गेले. 'तिने बँड फोडला' असे रॉकच्या चाहत्यांनी एका स्त्रीविषयी म्हटलेले आपण ऐकलेच आहे. योको ओनोच्या कितीतरी आधी मराठीत हा अन्याय घडून गेला होता.

१९/
मग चाहत्याच्या मताचे मोल किती? त्याला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : याने नेमके काय ऐकले? प्रयोग, तबकडी, की नंतरची सुधारित आवृत्ती? बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चे १९६७ चे मोनो रूप आणि २०१७ मध्ये जाइल्स मार्टिनने नव्याने सिद्ध केलेले स्टिरिओ रूप ऐकणारे दोघे एकाच अल्बमवर भांडतात, पण एकच वस्तू ऐकत नाहीत. दुसरा : कोठे बसून ऐकले, आणि तेथपर्यंत काय पोहोचूच शकले नाही? तिसरा : या मताच्या आड गाण्याखेरीज आणखी काय बोलते आहे? जात, भाषा, शहर, स्त्रीविषयीची भीती? या तीन प्रश्नांनंतर उरते ते मत गायकाविषयी थोडे आणि ऐकणाऱ्याविषयी पुष्कळ सांगते. इतिहासाला दोन्ही हवे असते.

२०/
बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे आहे. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव दिले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये लागलेल्या आगीत ते जळाले, तेव्हा त्यांचा आवाज कधीही न ऐकलेली माणसेही तेथे रडली. गळा विरून गेला, साक्षीदार गेले, वास्तू होरपळली; प्रेम मात्र तेवढेच उरले. तो प्रेमाचा हट्टच आज केशवरावांच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

२१/
शेवटी वाचकांसाठी एक काम. धाराशिव, कळंब, भूम, परंडा, उमरगा, तुळजापूर : जिथे कोठे घरात ऐंशी-पंच्याऐंशीचे आजी-आजोबा असतील, तेथे त्यांना 'चांगला गायक कोण?' असे विचारू नका. त्याचे ठरलेले उत्तर मिळेल. विचारा : पहिले गाणे कोणाच्या घरी ऐकले? यंत्र कोणाचे होते? किल्ली कोण देई? कोणाला आत बसू देत आणि कोणाला ओसरीवर? कोणाच्या गाण्यावरून भांडण झाले? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. तबकड्या संग्राहकांकडे सापडतील. ऐकणाऱ्यांच्या आठवणी मात्र माणसांबरोबर जातात, आणि त्यांचा दुसरा कारखाना कोठेही नाही.